पारसिकच्या बोगद्यात

कोकणकन्येने खेडला जायचे म्हणजे आमच्या घराचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. गाडी मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते. दादरपर्यंत सामान सीटखाली जाते, ठाण्यापर्यंत चपाती-खिमा संपतो आणि तेवढ्यात कुवेतहून भाईजानचा फोन येतो. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. इथे पावणेबारा, तर तिथे सव्वानऊ. ड्यूटी, इशा, जेवण सगळे आटोपलेले. कोकणातल्या किती घरांचे संसार या अडीच तासांवर चालतात!

गेल्या हिवाळ्यात असाच फोन आला. सर्वांना ऐकू यावे म्हणून स्पीकर लावला. विषय होता भाईजानच्या मुलीसाठी आलेल्या पैगामाचा. ठाणे सुटले आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. बोगदा सुमारे १.३ किलोमीटरचा, पण रेंज जायला तेवढा पुरतो. आवाज तुटू लागला तसे आम्हीही चढ्या आवाजात बोलू लागलो. मुंब्रा येईपर्यंत तिघे-चौघे एकदम ओरडत होतो, "मुलावर कर्ज आहे ना? मग नकारच कळवू!"

टीसी आले. "चाचा, दहा वाजून गेलेत. लोक झोपलेत." रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने फोनवर बोलू नये, हा रेल्वेचा नियम आम्हाला माहीत नव्हता असे नाही. तरी अब्बांनी उत्तर दिले, "परदेशातला फोन आहे, साहेब." जणू परदेशातल्या फोनला सूट असते!

पहाटे खेडला उतरताना वरच्या बर्थवरचे गृहस्थही उतरले. सलाम झाला, कुठल्या गावचे वगैरे विचारपूस झाली. ते मुलाच्या शेजारच्या गावचे निघाले. तेव्हा आम्हाला काहीच वाटले नाही.

जोहरच्या आधी मुलाच्या वडिलांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "नकार द्यायचा होता तर घरी येऊन द्यायचा. आमच्या मुलाचे कर्ज गाडीभर कशाला सांगितलेत?"

अब्बा बराच वेळ फोन हातात धरून बसले. हजरत लुकमान यांनी मुलाला केलेला आवाज खाली ठेवण्याचा उपदेश आमच्या घरात पोरांना तोंडपाठ आहे. बैठकीतली गोष्ट अमानत असते, हेही अब्बांनीच आम्हाला शिकवलेले. स्पीकर लावताना एवढेच वाटले होते की फार तर कुणाची झोप मोडेल. परक्या पोराची अब्रू आपल्या हातातल्या फोनमध्ये आहे, हे कुणाच्याच मनात आले नव्हते.

संध्याकाळी अब्बा आणि चाचा त्यांच्या घरी माफी मागायला गेले. चहा मिळाला, बोलणे फारसे झाले नाही. भाईजानला सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मी घरच्यांशी बोलत होतो, डब्याशी नाही."

परतीच्या रात्री फोन पुन्हा आला. अम्मीने तो कानाला लावला, हळूच सलाम केला आणि म्हणाली, "बाळा, गाडीत आहोत. उद्या घरून बोलते." पलीकडून काय उत्तर आले, ते आम्हाला ऐकू आले नाही.