गोराईच्या खाडीवर शिकलेला धडा

बोरिवली स्थानकाच्या पश्चिमेला उतरावे, बस किंवा रिक्षाने खाडीचा धक्का गाठावा आणि फेरीबोटीत बसावे. दोन्ही काठांना तिवरांची दाटी आणि समोर 2009 साली खुल्या झालेल्या विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट. थोड्याच वेळात पलीकडचा तीर लागतो. गोराई मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, पण इथे कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती आहे. मोसमात बांबूंवर बोंबील सुकत घातलेले दिसतात, वाड्यांत भाजीचे वाफे दिसतात.

वाचकहो, माझे लक्ष मात्र धक्क्यावरच खिळले. ओहोटीला बोट धक्क्यापेक्षा खाली जाते आणि सारखी हलत असते. उतरताना क्षणभर सारा भार एकाच पायावर येतो. अंगाने चांगल्या भरलेल्या एक वयस्क मावशी रिकामी पाटी काखेत घेऊन सहज धक्क्यावर चढल्या. त्यांच्या मागचे गृहस्थ सडपातळ, वयानेही लहान वाटले. त्यांना दोघांनी हात धरून वर घेतले.

साठीनंतर व्यायाम कशासाठी, याचे उत्तर मला तिथे मिळाले. पोट कमी करण्यासाठी, असे आपण समजतो आणि जो मुळात बारीक आहे तो व्यायामाच्या वाटेला जात नाही. पण वयाबरोबर स्नायू झिजतात, तोल सांभाळण्याची शक्ती कमी होते आणि न्हाणीघरातला एक पाय घसरणे खुब्याच्या हाडावर बेतते. वजनकाटा यातले काहीच सांगत नाही. नियमित हालचालीने वजन पावशेरानेही उतरले नाही तरी स्नायू रक्तातली साखर अधिक वापरतात, झोप चांगली लागते, मन उल्हसित राहते आणि पडण्याचा धोका घटतो.

आपण म्हणाल, ‘जन्मभर नांगर धरला, आम्हांला व्यायाम कशाला?’ काम चालू आहे तोवर हे बरेचसे खरे. पण मुलगा शेती पाहू लागतो, ट्रॅक्टर येतो, बांधापर्यंत मोटारसायकल जाते आणि वडील ओसरीवर बसतात. गावोगावी फिरताना मी असे किती तरी वडील पाहिले. दोन-तीन वर्षांत त्यांना खाटेवरून उठताना आधार लागू लागतो. जन्मभराचे कष्ट बँकेतल्या ठेवीसारखे शिल्लक राहत नाहीत.

मात्र उशीर झाला असे समजू नये. 1990 साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. मारिया फियातारोने यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धनिवासातील नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला होता. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांतले बळ सरासरी अडीच पटींहून अधिक झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले, की पासष्टीपुढच्यांनी आठवड्यात किमान 150 मिनिटे दमछाक न होता झपाझप चालण्यासारखे श्रम करावेत आणि तीन दिवस तोल व बळ वाढविणारे व्यायाम करावेत. त्यासाठी घरचे साहित्य पुरते. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. ओसरीच्या खांबाला धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहावे, मग पाय बदलावा. अर्ध्या भरलेल्या दोन बादल्या दोन्ही हातांत घेऊन अंगणात फेरी मारावी. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे.

घरच्या तरुणांनाही एक विनंती. ‘आबा, आता तुम्ही नुसते बसून राहा,’ असे प्रेमाने म्हणू नका. पाटाला पाणी नीट चालले आहे का, कपाशीवर किडी दिसते का, हे रोज पाहून येण्याचे काम त्यांच्याकडे द्या. पाय चालतील आणि घरात आपला उपयोग आहे, हे समाधानही राहील.

परतताना भरती होती. बोट धक्क्याच्या बरोबरीने लागली होती आणि सारेच सहज चढले. पण ओहोटी रोज येतेच. पायांची तयारी तिच्यासाठी करायची.