यात्रेची रजा

दरवर्षी चैत्रात मुंबईचे डबेवाले पाच-सहा दिवस डबे बंद ठेवतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, अकोले या तालुक्यांतली ही माणसं ग्रामदैवताच्या यात्रेला गावी जातात, आणि निघण्यापूर्वी ग्राहकांना विनवतात की या दिवसांचे पैसे कापू नका. ज्यांच्या वक्तशीरपणाचा अभ्यास परदेशातल्या व्यवस्थापन-संस्थांनी केला, त्यांनी कचेऱ्या भरात असताना एकगठ्ठा रजा घ्यावी, हे शहरी हिशोबात बसत नाही. मला मात्र त्या वक्तशीरपणाचं आणि या रजेचं मूळ एकच वाटतं.

महादू हावजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास हे काम सुरू केलं, तेव्हापासून ते भावकी आणि सोयरिकीच्या वाटेनेच पुढे गेलं. नवा माणूस ओळखीतून येतो, मुकादमाच्या गटात शिरतो. एखादा आजारी पडला तर दुसरा त्याची लाईन सांभाळतो. अशा धंद्यात खरा जामीन गाव असतो. डबा हरवला, पैशात खोट आली, तर त्याची चर्चा दादरच्या फलाटावर थांबत नाही. ती गावच्या पारावर पोचते आणि घरातल्या मुलीच्या लग्नापर्यंत रेंगाळते. हा जामीन दरवर्षी नवा करावा लागतो, आणि ते यात्रेत होतं. पालखीला खांदा, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, स्थळांची बोलणी, यंदा कुणाचा मुलगा मुंबईला न्यायचा याची चौकशी, सगळं त्या चार दिवसांत. वीस वर्षांच्या पोराने कोणतं काम धरावं, कुणाबरोबर राहावं, कमाईतून घर कुठे बांधावं, हे त्याचे स्वतःचे निर्णय असतात. पण त्याच्यासमोर कोणत्या वाटा दिसतात, हे बरंचसं तिथे ठरलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, संस्कृतीचं कौतुक कशाला, पोटाने माणसं मुंबईला नेली. यात तथ्य आहे. नाणेघाट-भीमाशंकरच्या बाजूला पाऊस धो-धो पडतो, पण भाताचं एक पीक निघालं की जमीन कोरडी. कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे या धरणांचं पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेलं. नारायणगावच्या पट्ट्यात द्राक्षं आणि टोमॅटो उभे राहिले, तिथल्या माणसाला घर सोडण्याची निकड कमी झाली. पोट माणसाला घराबाहेर काढतं हे खरंच. पण कुणाच्या भरवशावर जायचं आणि परत कुठे यायचं, हे पोट सांगत नाही. यात्रा म्हणजे निव्वळ करमणूक, असंही म्हणवत नाही. या भागातल्या यात्रांचा जीव असलेल्या बैलगाडा शर्यती २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबल्या, त्या डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळेपर्यंत. करोनाची वर्षं सोडली, तर त्या काळातही गावोगाव पालख्या निघत राहिल्या. हे इथलंच नाही. त्रिनिदाद सोडून लंडन-न्यूयॉर्कला गेलेली माणसंही कार्निव्हलसाठी मायदेशी परततात, आणि त्यांची ‘सूसू’ म्हणजे आपली भिशीच. परमुलखात कष्ट करणाऱ्याला विश्वासाची अशी पेढी लागतेच.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. जो जामीन आतल्याला आधार देतो, तोच बाहेरच्याला दार बंद करतो. ज्याचा भाऊबंद या कामात नाही, त्याच्यासाठी शब्द टाकणार कोण? आणि नवरा मुंबईत असताना गावची शेती, गुरं, सासू-सासरे ओढणाऱ्या बाईला तिची निवड फारशी कुणी विचारली नाही. या रीतीची सर्वांत मोठी किंमत तिनेच मोजली. तरीही रीत पालटत नाही असं नाही. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत लोकल थांबल्या, डबे थांबले, माणसं गावी परतली; त्यातले कित्येक पुन्हा डब्याकडे वळलेच नाहीत. कुणी चाकणच्या कारखान्यात गेला, कुणी शेतात उतरला. धंदा बदलला म्हणून यात्रेची वर्गणी चुकवावी असं त्यांना वाटलं नाही, कारण तिचा संबंध धंद्याशी जेवढा, त्याहून अधिक आपण कुणाचे आहोत याच्याशी. या वर्गणीची पावती आजही सहसा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाने फाटते. तिच्यावर त्या बाईचंही नाव यायला हवं. तो मुंबईत असताना गावातलं त्याचं घर तिनेच उभं ठेवलं होतं.