अपघाताची नस्ती

जयपूरच्या प्रताप नगरात राहत असल्याने सांगानेरचा विमानतळ जवळच. तरीही सायंकाळी मी दूरचित्रवाणीवर विमान-अपघातांचे माहितीपट पाहत बसतो. सौभाग्यवतींना हा छंद अभद्र वाटतो.

चरखी दादरीचा भाग मी अनेकदा पाहिला. १२ नोव्हेंबर १९९६, ३४९ मृत्यू. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली आले आणि सौदी विमानावर आदळले. कचेरीत ‘वैमानिक दोषी’ एवढ्यावर प्रकरण नस्तीबद्ध झाले असते. लाहोटी आयोगानेही दोष कझाक वैमानिकांवरच ठेवला, पण तो तेथे थांबला नाही. दिल्लीला येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचा हवाई मार्ग एकच होता. तो वेगळा करावा, टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची करावी, असे त्याने सुचविले.

विभागीय चौकशीत आरोपपत्राआधी मी आता विचारतो, ही कार्यपद्धती मंजूर कोणी केली? उत्तर बहुधा जुन्या परिपत्रकात सापडते. स्वाक्षरी करणारे साहेब निवृत्त झालेले असतात.