कच्चा मासा

मासे हा रत्नागिरीकराचा जन्मसिद्ध हक्क. पण मासा आधी चुलीवर चढला पाहिजे! होनोलुलूत मुलाने मला 'पोके'च्या दुकानात नेले. ट्यूनाचे, म्हणजे आपल्या कुप्याचे, कच्चे तुकडे, मीठ, समुद्रशेवाळ आणि खाली भात. मी तोंड फिरवले. मुलगा गप्प झाला. तो परदेशी गेल्यापासून हे असेच चालले होते: त्याने काही पुढे करावे, मी नको म्हणावे.

काउंटरमागची मुलगी चमचा पुढे करून म्हणाली, "अंकल, चाखून तर पाहा!" तिकडे परक्या वडीलधाऱ्यालाही अंकलच म्हणतात. परक्या पोरीला नको कसे म्हणायचे? चाखला. समुद्र इथूनतिथून सारखाच खारट!

"आवडला?" मुलाने भीतभीत विचारले.

"तिखट कमी आहे," मी म्हणालो, आणि वाडगा दोघांच्या मध्ये ठेवला.