थोडं पुढे घ्या

मसाई मारातल्या तीन दिवसांत आम्ही दीड हजाराच्या वर फोटो काढले आणि घरी आल्यावर त्यातले हजारभर पुसून टाकले. कुठे झेब्र्याची नुसती शेपटी, कुठे पक्षी उडून गेल्यावर हलत राहिलेली फांदी. उरलेल्यांत एक फोटो मात्र असा आहे की पाहणारा प्रत्येकजण ‘माशाअल्लाह’ म्हणतो. उंच गवतात उभी असलेली चित्त्याची मादी, सरळ आमच्याकडे बघणारी. डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा अगदी स्पष्ट. तो फोटो कोणी मागून पाहिला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळतो.

नैरोबीला आमचे मामू राहतात. ‘एकदा येऊन जा’ असं दर ईदला फोनवर म्हणायचे. दिवाळीच्या सुट्टीत योग आला, अल्हम्दुलिल्लाह. कॅमेरा आणि लांबची लेन्स भाच्याकडून मागून घेतली. मामूंनी ठरवून दिलेला ड्रायव्हर लामूचा, म्हणजे समुद्रकाठचा मुसलमान. सलाम झाला आणि अर्ध्या तासात आमची शाळाच भरली. त्याच्या स्वाहिलीत ‘सफारी’ म्हणजे आपला सफर, ‘हबारी’ म्हणजे खबर, ‘रफिकी’ म्हणजे रफीक, ‘वकाती’ म्हणजे वक्त. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला परदेशात असा खजिना सापडला तर तो जनावरं बघेल की शब्द वेचेल? त्यात तो आमच्या कोकणी लोकांसारखाच शाफई निघाला. दुपारी कॅम्पवर जुहर आणि अस्र कसर करून एकत्र पढायची, हे आम्ही सांगण्याआधीच त्याने वेळापत्रकात धरलं होतं. जंगलात ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून खाली पाय ठेवता येत नाही, म्हणून ही सोय मोठीच.

फोटोचे धडेही त्यानेच दिले. पहाटे सहाला निघायचं, कारण नऊनंतर ऊन वर चढतं आणि दूरचं जनावर तापलेल्या हवेत थरथरतं. मग लेन्स कितीही महाग असो, फोटो धूसरच येतो. इंजिन बंद करायचं, नाहीतर गाडीच्या कंपाने हात हलतो. उघड्या छपराच्या कडेवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवायचा. आणि शक्यतो छपरातून नव्हे, खिडकीतून काढायचा, म्हणजे जनावर आपल्या नजरेच्या उंचीवर येतं. वरून काढलेला सिंह पायपुसण्यासारखा दिसतो, हे आम्ही स्वतः सिद्ध केलं. सिंह तसाही दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेलाच.

पक्ष्यांनी मात्र आमची परीक्षा पाहिली. आपल्याकडे तारेवर बसणारा नीलपंख असतो ना, त्याचा एक भाऊबंद तिथे आहे, छाती जांभळट आणि पंख उघडले की निळ्याच्या किती छटा! तो वाळक्या फांदीच्या टोकावर बसतो, खाली किडा दिसला की झेपावतो आणि बऱ्याचदा त्याच फांदीवर परत येतो. म्हणजे त्याच्या मागे जायचं नाही, फांदीकडे कॅमेरा लावून बसायचं. चाळीस मिनिटं बसलो. धाकटी म्हणाली, ‘‘अब्बू, हा तर शाळेच्या घंटेची वाट बघण्यासारखा प्रकार आहे.’’ एक फोटो मिळाला, पंख पूर्ण उघडलेले. पण हे तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी आमच्यात तेवढा धीर नव्हता.

पहिल्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, ड्रायव्हर हळूच म्हणाला, ‘‘दुमा.’’ चित्ता. मादी होती आणि मागे गवतात तीन पिल्लं, फक्त कान दिसत होते. समोर थॉमसन गॅझेलचा कळप. तिथे या लहान हरणाला ‘टॉमी’ म्हणतात. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, कारण रात्री सिंह आणि तरस त्याचं तोंडचं हिसकावून घेतात. धावण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण तो वेग काही शे मीटरच टिकतो. म्हणून आधी दबत दबत जवळ जावं लागतं. ती तेच करत होती. एक पाऊल, थांबायची, पुन्हा एक पाऊल.

ड्रायव्हरने बऱ्याच अंतरावर गाडी थांबवून इंजिन बंद केलं होतं. आमच्या पडद्यावर ती अंगठ्याएवढी दिसत होती. इतका खर्च करून आलो आणि अंगठ्याएवढा चित्ता? ‘‘थोडं पुढे घ्या,’’ आम्ही म्हणालो. त्याने मान हलवली. आम्ही पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने चावी फिरवली.

इंजिनचा आवाज झाला आणि टॉमींनी माना वर केल्या. क्षणात कळप पांगला. ती उभी राहिली, वळली आणि आमच्याकडे बघितलं. तेव्हाच बोट दाबलं गेलं.

ड्रायव्हर रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘हराका हराका हायना बराका.’’ धाकटी तरस शोधायला खिडकीबाहेर डोकावली. तिला ‘हायना’ एवढाच शब्द कळला होता. आम्हाला बाकीचेही कळले. स्वाहिलीत ‘हायना’ म्हणजे ‘नसते’. उतावळेपणाला बरकत नसते.

शिकारी जनावराजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, पंचवीस मीटरच्या आत जायचं नाही, असे नियम आहेत. आम्ही ते मोडले नव्हते, हे त्या रात्री तंबूत स्वतःला दोनतीनदा सांगून झालं. परतल्यावर वाचलं की 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माराच्या गर्दीच्या भागात चित्त्याच्या मादीमागे सरासरी एक पिल्लूही मोठं होत नव्हतं आणि कमी गर्दीच्या भागात दोनहून जास्त होत होती. त्या रात्री हे आकडे ठाऊक नव्हते. आठवत होती ती हदीस, जी आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. सफरीत काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्लं उचलली, ती पंख फडफडवू लागली, आणि हुजूर सल्ल. यांनी पिल्लं परत ठेवायला लावली. मुलं दरवेळी विचारतात, ‘‘सर, मग ती शांत झाली?’’

पुढचे दोन दिवस आम्ही एकदाही गाडी पुढे घ्यायला सांगितलं नाही. ती मादी पुन्हा दिसली नाही.

गावी अम्मींना फोटो दाखवायला गेलो. अम्मी नमाजच्या खोलीत काय, घरात कुठेच भिंतीवर सजीवाचं चित्र लावू देत नाहीत, त्यामुळे भाच्याने फ्रेमची गोष्ट काढताच त्यांनी त्याला गप्प केलं. पण मोबाइलवर एकेक फोटो चष्मा वरखाली करत पाहिला. नीलपंखावर खूश झाल्या. चित्त्याच्या फोटोवर थांबल्या आणि मागच्या गवतातल्या कानांवर बोट ठेवलं.

‘‘ही पिल्लं काय रे?’’

‘‘हो, तिचीच.’’

‘‘मग त्या दिवशी त्यांनी काय खाल्लं?’’