बाविसावा दरवाजा

आमचे छत्रपती संभाजीनगर हे बावन्न दरवाजांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मलिक अंबराने बांधविलेला भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, मकई दरवाजा, पैठण दरवाजा ही नावे आम्हां मुलांच्या तोंडी लहानपणापासूनच असतात. परंतु टेबलावर मावणाऱ्या एका यंत्रास पासष्ट हजारांहून अधिक दरवाजे असतात, आणि त्यांपैकी बाविसाव्या दरवाजाने मला चांगलाच धडा शिकविला. तीच हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमचे बिऱ्हाड माडीवर व बाबांचे किराणा दुकान तळमजल्यावर आहे. दुकानातील संगणकावर रोजचा जमाखर्च आणि उधारीची खाती असतात. रात्री त्या हिशेबाची प्रत काढून ठेवण्याचे काम माझ्याकडे असे, आणि त्यासाठी जिना उतरण्याचा मला मोठा कंटाळा येई. गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा आतेभाऊ आमच्याकडे आला. तो संगणकशास्त्राचा विद्यार्थी. मी त्यास विचारले, "दादा, माडीवर बसून खालच्या यंत्राला आज्ञा देता येईल का?" तो हसून म्हणाला, "येईल की! पण दुसऱ्याच्या घरात कसे शिरावे, हे आधी शिकावे लागेल."

दोन्ही यंत्रे घरातील एकाच राउटरला जोडलेली होती. दादाने प्रथम टेलनेट नावाची जुनी रीत दाखविली. मी माडीवर सांकेतिक शब्द टंकित केला, आणि खालचे यंत्र माझ्या पडद्यावर उत्तर देऊ लागले. मी हर्षभरित झालो. इतक्यात दादाने वाटेवरची अक्षरे टिपणारा एक प्रोग्रॅम उघडला, आणि पाहतो तो काय! माझा गुप्त सांकेतिक शब्द तेथे एकेका अक्षराने उघडा पडला होता.

मग दादाने मला या विद्येचा इतिहास सांगितला. 29 ऑक्टोबर 1969 रोजी लॉस एंजलिस येथील विद्यापीठातून चार्ली क्लाइन नावाच्या विद्यार्थ्याने शेकडो मैल दूर असलेल्या स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेतील संगणकात प्रवेश करण्याचा यत्न केला. 'लॉगिन' या इंग्रजी शब्दाची पहिली दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडील यंत्र कोलमडले! थोड्या वेळाने मात्र त्यास यश आले. पुढे टेलनेटला तेविसावा दरवाजा नेमून देण्यात आला. 1995 साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणी चोराने जाळ्यावरून जाणारे सांकेतिक शब्द टिपून घेतले. ते पाहून तेथील टाटू युलोनेन याने सर्व संभाषण कूटलिपीत नेणारी एसएसएच ही नवी रीत रचिली आणि तिच्यासाठी बाविसावा दरवाजा मागून घेतला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला आपल्या देशात विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांस खुले केले.

दादा म्हणाला, "पाणचक्की पाहिली आहेस ना? तिचे पाणी डोंगरातून बंद नळाने येते. टेलनेट हा उघडा पाट समज. एसएसएच हा बंद नळ. पाणी तेच, पण वाटेत कोणास ओंजळ घालता येत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही खालच्या यंत्रावर एसएसएच बसविले. माझ्या यंत्रावर एक जोडी घडविली. तिच्यातील कुलूप दुकानातील यंत्रास लाविले व किल्ली माझ्यापाशी ठेविली. प्रथम जोडणी करताच यंत्राने विचारले की, समोरच्याची ओळख नाही, त्याचा ठसा अमुक आहे, पुढे जावे काय? मी 'होय' लिहिणार तोच दादाने माझा हात धरिला. "खाली जा, आणि त्या यंत्राचा ठसा त्याच्याच पडद्यावर वाचून ये. अनोळखी माणसास न पाहता बाबा म्हणशील काय?" मी निमूटपणे जिना उतरलो. दोन्ही ठसे जुळले, तेव्हा कोठे दरवाजा उघडला.

दादा परत गेला. पंधरा दिवस मी राजासारखा माडीवरून हुकूम सोडीत होतो. एके रात्री निजण्यापूर्वी मी माझे यंत्र बंद करण्याची आज्ञा दिली. क्षणभर काहीच झाले नाही. मग जोडणी तुटल्याची ओळ उमटली, आणि खालून बाबांचा उद्गार ऐकू आला, "अरे देवा!" पडद्यावरच्या त्या ओळीच्या आरंभी 'दुकान' असे नाव होते, 'माडी' असे नव्हते. दोन्ही खिडक्या सारख्याच काळ्या. मी बंद केले होते ते बाबांचे यंत्र होते, आणि दीड तास खपून त्यांनी लिहिलेला त्या दिवसाचा हिशेब जतन व्हायचा राहिला होता.

यंत्र बिघडले असावे, असे बाबांना वाटले. माझे नाव कोणी घेतले नाही. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर मी माडीवरून हळूच आत शिरलो. तेथील नोंदवहीत कोण, केव्हा आले आणि कोणती आज्ञा दिली, हे सारे लिहिलेले होते. ती ओळ पुसून टाकण्याचा अधिकारही माझ्याच किल्लीत होता. माझे बोट बराच वेळ कळीवर थबकले. वाटेवरच्या चोरापासून राखण्याची एवढी तजवीज आम्ही केली होती. परंतु किल्ली बाळगणाऱ्यापासून राखणारे कोणतेच कुलूप तेथे नव्हते.

मी खाली गेलो आणि सर्व सांगितले. बाबा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी तारेत ओवलेल्या पावत्या काढून माझ्यापुढे ठेविल्या. मी एकेक पावती वाचीत गेलो व ते लिहीत गेले. हिशेब पुरा झाला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. मी किल्ली परत घ्या म्हणालो. ते म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच. फक्त आत येण्याआधी जिन्यावरून एक हाक मारीत जा."

तेव्हापासून मी हाक मारतो, आणि आज्ञा देण्यापूर्वी ओळीच्या आरंभीचे नाव वाचतो. दूरच्या यंत्रात हात घालणाऱ्याने आपण कोणाच्या घरात उभे आहोत, हे प्रथम पाहावे, इतके मला त्या बाविसाव्या दरवाजाने शिकविले.