सखी शाळेत जाते

कापूरहोळला महामार्ग सोडून भोरच्या वाटेला लागले, की सखी खिडकीशी उठून बसते. सखी म्हणजे आमची सहा वर्षांची लॅब्रेडॉर. भाटघर जलाशयाच्या परिसरातील एका वस्तीवरच्या शाळेत आम्ही दोघी महिन्यातून एकदा जातो. पहिली-दुसरीच्या मुलांचे वाचन सतरंजीवर निवांत पडून ऐकणे, एवढेच तिचे काम. ती चुका काढत नाही. हा गुण आम्हा डॉक्टरांतही दुर्मीळच!

पालकांची संमती, दम्याच्या मुलांची चौकशी, सखीची रेबीजची लस व जंतनाशक, ही पथ्ये आधी पाळलेली असतात.

श्रावणात एक मुलगा दारातच थांबला. गेल्या वर्षी त्याला भटके कुत्रे चावले होते. सुया संपल्या, भीती उरली. 'ये रे, काही करत नाही ती,' म्हणत मी त्याचा हात धरला. चूक माझीच. तो थरथरू लागला. सखीने तोंड फिरवून जांभई दिली. अशी जांभई झोपेची नसते, अस्वस्थतेची असते. मी हात सोडला.

पुढच्या खेपेस त्याची जागा दारातच ठेवली. अनोळखी कुत्र्यापासून दूर राहतोस ते योग्यच, असे त्याला सांगितले. चावल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे त्यानेच मला म्हणून दाखवले.

दिवाळीनंतर तो उंबऱ्यावर बसून वाचू लागला. सखीने कान हलवला. त्याने तीच ओळ पुन्हा, जरा मोठ्याने वाचली.